नाशिकहून मुक्त स्रोत आठवडा: सात दिवसांत अठ्ठावीस भाषणं झेपतील का?

गोदाकाठचा_पेंग्विन | ६ जुलै २०२६, २१:१०

मंडळी, नाशिकच्या आमच्या गटात ठरतंय की सप्टेंबरात एक अख्खा आठवडा ऑनलाइन भाषणं घ्यायची. विषय ओपन सोर्स म्हणजे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो), भाषा मराठी, बोलणारे आपल्यातलेच: शिक्षक, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधली मंडळी, प्रोग्रॅमर, डिझायनर. प्रायोजक नाही, तिकीट नाही.

कच्चा आराखडा असा. सप्टेंबरचा तिसरा शनिवार म्हणजे सॉफ्टवेअर फ्रीडम डे, यंदा तो १९ तारखेला येतो. त्याच आठवड्यात सोमवार ते रविवार, रोज संध्याकाळी सहा ते दहा, पाऊण पाऊण तासाची चार भाषणं. एकूण अठ्ठावीस. सगळं थेट, जित्सी या व्हिडिओ बैठकीच्या सॉफ्टवेअरवर.

विचारायचंय ते असं: एवढं झेपेल का? जित्सी घ्यावं, बिगब्लूबटन (ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर) घ्यावं की सरळ यूट्यूब? आणि बोलणारे निवडायचे कसे, म्हणजे रुसवेफुगवे होणार नाहीत?

अर्धविराम | ६ जुलै, २१:२२

१४ सप्टेंबरला, त्याच सोमवारी, गणेश चतुर्थी आहे. शुभेच्छा.

तर्रीबाज | ६ जुलै, २१:२५

सहा वाजता आरती सोडून "कर्नल म्हणजे काय". श्रोते दोन: गणपती आणि त्याचा माउस.

सातपूरकर | ६ जुलै, २१:५८

तारीख बाजूला ठेवा, आधी आकडा बघा. अठ्ठावीस भाषणं म्हणजे अठ्ठावीस माणसांची अर्ध्या अर्ध्या तासाची तालीम, म्हणजे नुसती तालीमच चौदा तास. प्रत्येक सत्राला निवेदक, स्ट्रीम चालवणारा, प्रश्न गोळा करणारा आणि एक राखीव असे चौघे लागतात. गटात खरोखर काम करणारे किती? पन्नास जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात सात-आठ निघतात. त्यांना रोज चार तास बसवलंत तर बुधवारी निवेदक गायब झालेला असेल.

पाऊण तासही जास्त. सभागृहात माणूस लाजेकाजेने बसतो. घरी कुकरची शिट्टी झाली की उठतो. वीस मिनिटं भाषण, वीस मिनिटं प्रश्न. रोज एक सत्र, सुट्टीच्या दिवशी दोन. सगळं मिळून दहाच्या आत ठेवा.

पंचवटी_एक्स्प्रेस | ६ जुलै, २२:१५

दहा भाषणांना "आठवडा" म्हणायचं? एवढ्यात शनिवार-रविवार उरकेल की.

सातपूरकर | ६ जुलै, २२:१९

@पंचवटी_एक्स्प्रेस, उरकेल. पण आठवडा पसरल्याचा फायदा असा की रविवारी ऐकलेलं माणूस सोमवारी मशीनवर करून बघतो आणि मंगळवारी अडलेलं विचारतो. दोन दिवसांत कोंबलं की हे होत नाही.

रूट_आजी | ७ जुलै, ०७:३०

"सगळं थेट" हा हट्ट सोडावा असं सुचवते. भाषण आधी रेकॉर्ड करून घ्यायचं, प्रश्नोत्तरं तेवढी थेट.

ब्रसेल्सचं फॉसडेम हे ओपन सोर्सचं संमेलन फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्ण ऑनलाइन झालं, ते याच पद्धतीने. भाषणं आधी मागवलेली. ठरल्या वेळी फाइल सुरू व्हायची, त्या वेळी बोलणारा मॅट्रिक्स या चॅटवरच्या गप्पांत प्रश्न वाचत बसलेला असायचा आणि फाइल संपली की जित्सीवर थेट उत्तरं. बोलणाऱ्याची वीज गेली, नेट गेलं, घसा बसला, तरी भाषण होतं. आणि वेळ पाळली जाते हा आणखी एक फायदा. वीस मिनिटांची फाइल वीस मिनिटांनी संपते, तिला "आवरतं घ्या" अशी चिठ्ठी द्यावी लागत नाही.

आठवडाभराच्या ऑनलाइन कार्यक्रमाचं उदाहरण हवं असेल तर डेबियन या लिनक्स प्रणालीचं संमेलन, डेबकॉन्फ २० बघा. इस्राएलमधल्या हैफाला व्हायचं होतं, ते २३ ते २९ ऑगस्ट २०२० असं ऑनलाइन झालं. त्यात स्पॅनिश आणि मल्याळम भाषणांचे वेगळे विभाग होते. मल्याळममध्ये जमतं तर मराठीत का नाही, हे पोस्टरवर लिहू नका पण मनात ठेवा.

पंचवटी_एक्स्प्रेस | ७ जुलै, ०९:०५

रेकॉर्डेडच दाखवायचं तर लोक ठरल्या वेळी कशाला येतील? दुसऱ्या दिवशी दीडपट वेगाने बघतील. थेट डेमो फसतो आणि माणूस तो डोळ्यांदेखत दुरुस्त करतो, शिकायला मिळतं ते तिथेच.

रूट_आजी | ७ जुलै, ०९:४०

@पंचवटी_एक्स्प्रेस, लोक येतात ते प्रश्नांसाठी. बाकी डेमोचं पटलं. मग एक कार्यशाळा थेट ठेवा, दीड तासाची, सुट्टीच्या सकाळी. तिथे काय फसायचं ते फसू दे.

जोडणी | ७ जुलै, ११:३२

"जित्सी की बिगब्लूबटन की यूट्यूब" यात दोन कामांची सरमिसळ होतेय. एक बोलणाऱ्यांची खोली, दुसरा बघणाऱ्यांचा पडदा. खोलीत पाच माणसं, पडद्यासमोर दीडशे. दीडशे जणांना खोलीत घेऊ नका.

हिशोब करा. बिगब्लूबटनला स्वतःचं सर्व्हर हवं: ८ कोर, १६ जीबी मेमरी, वेब पोर्टांशिवाय १६३८४ ते ३२७६८ हे यूडीपी पोर्ट (चित्र-आवाज ये-जा करायची दारं) उघडे. वीस जणांनी कॅमेरे लावले तर वीस जणांकडे वीस वीस चित्रं, म्हणजे ४०० प्रवाह. दीडशे जण नुसते बघत असले आणि प्रत्येकाला दीड एमबीपीएस धरलं तरी २२५ एमबीपीएस सतत बाहेर जाणार. याचं बिल कुणाच्या नावावर? वर्ग घ्यायला बिगब्लूबटन उत्तम, पाटी आहे, गट पाडता येतात. तुमची कार्यशाळा त्यावर घ्या. व्याख्यानाला नको.

खोलीसाठी जित्सी पुरतं. त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर ऑगस्ट २०२३ पासून खोली उघडणाऱ्याला गूगल, गिटहब किंवा फेसबुकने लॉगिन करावं लागतं. बाकीचे तसेच येऊ शकतात. स्वतःचं लावायचं तर ४ कोर, ८ जीबी पुष्कळ. त्यात हमखास होणारी चूक अशी की दोघं बोलत असतात तोवर झकास चालतं, तिसरा आला की सगळ्यांचं चित्र आणि आवाज गायब. कारण दोघं असताना जित्सी सर्व्हरला वगळून थेट जोडतं. तिसऱ्यापासून सगळं सर्व्हरच्या व्हिडिओब्रिजमधून जातं, आणि त्याचं यूडीपी १०००० पोर्ट फायरवॉलमध्ये बंद असतं किंवा ब्रिजला स्वतःचा बाहेरचा पत्ता माहीत नसतो. म्हणून चाचणी कायम तिघांनी घ्या, आणि तिसरा मोबाइल डेटावरून आलेला हवा.

जित्सीचं रेकॉर्डिंग जिब्री नावाच्या जोड-प्रोग्रॅमने होतं आणि एक जिब्री एका वेळी एकच खोली रेकॉर्ड करतो. तो खटाटोप नको. एकाने ओबीएस या रेकॉर्डिंग-प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमध्ये खोली पकडायची आणि तिथूनच प्रसारण करायचं.

मोकळा_ढाकळा | ७ जुलै, १२:१०

ओपन सोर्सचा आठवडा आणि पडदा यूट्यूबचा? हे म्हणजे व्यसनमुक्तीचं व्याख्यान परमिट रूममध्ये.

तर्रीबाज | ७ जुलै, १२:१४

श्रोते तिथेच असतात हो.

जोडणी | ७ जुलै, १२:५०

@मोकळा_ढाकळा, दोन्ही करा. पीअरट्यूब या मुक्त व्हिडिओ-मंचाला २०२१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून थेट प्रसारण जमतं, आणि बघणारेच एकमेकांना तुकडे पुरवत असल्याने सर्व्हरवर ताण कमी येतो. मात्र त्यात बघणाऱ्यांचे आयपी पत्ते एकमेकांना दिसू शकतात, ते पानावर लिहून ठेवा. मुख्य दुवा पीअरट्यूबचा द्या, शेजारी यूट्यूबचा. ज्याला तत्त्व पाळायचं तो पाळेल. शेजारच्या काकूंना टीव्हीवर बघायचं असेल तर त्यांनाही मिळेल.

यूट्यूबच्या तीन खाचाखोचा. नव्या चॅनलवर थेट प्रसारण सुरू करून मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, ते आजच करून टाका. प्रसारणाच्या सेटिंगमध्ये ऑटो-स्टॉप बंद ठेवा. नाहीतर तुमचं नेट मिनिटभर गेलं की यूट्यूब कार्यक्रमच संपवतं आणि नवा दुवा सगळ्यांना पाठवत बसावं लागतं. आणि सुरू होण्याआधीच्या पडद्यावर गाणं लावू नका. कुणाच्या तरी हक्कातलं निघतं, नोटीस येते. शांतता चालते, उलटं घड्याळ चालतं.

इंदिरानगर_फेज_वन | ७ जुलै, १४:२०

आणि वीज? संध्याकाळी साडेसातला पाऊस असला की काय होतं ते सांगायला नको.

जोडणी | ७ जुलै, १५:०५

राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, दोघांना एक पुरतो का ते अ‍ॅम्पिअर बघून ठरवा. फक्त राउटरला लावून काही होत नाही, फायबरचा डबा मेला की राउटरचे दिवे नुसते शोभेचे.

त्याहून चांगलं म्हणजे प्रसारण चालवणारे दोघे ठेवा, शहराच्या दोन टोकांना. एक गंगापूर रोडला, दुसरा नाशिकरोडला, म्हणजे एकाच झाडाची फांदी दोघांना नडत नाही. दोघांकडे ओबीएसचा तोच सीन कलेक्शन (पडद्यांची मांडणी), त्याच फाइली, तीच स्ट्रीम की (प्रसारणाचा गुप्त संकेत). मात्र दोघांनी एकाच वेळी एकच की वापरली तर चित्राचे तीनतेरा वाजतात. म्हणून शिस्त अशी की पहिल्याने फोनवर "सोडलं" म्हणायचं, मगच दुसऱ्याने सुरू करायचं. फोन लागत नसेल तर दोन मिनिटं थांबून सुरू करायचं.

ओबीएसचे आकडे: १२८० बाय ७२०, ३० फ्रेम, २५०० केबीपीएस, कीफ्रेम (पूर्ण चित्र) दर २ सेकंदांनी, आवाज ४८ किलोहर्ट्झ. तासाला साधारण सव्वा जीबी जातो. १०८० च्या मोहात पडू नका, बघणारे निम्मे मोबाइलवर आहेत. उबुंटू लिनक्सवर वेलँड (पडदा दाखवणारी नवी यंत्रणा) असेल तर स्क्रीन कॅप्चरमध्ये पाइपवायरवाला पर्याय निवडा, जुना एक्स-११ वाला काळा पडदा दाखवतो. रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-प्रकारातच, मशीन मध्येच बंद पडलं तरी तोवरचं हाती राहतं. साधी एमपी-फोर अर्धवट राहिली तर उघडतही नाही. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतून रीमक्स करून (चित्र तेच ठेवून एमपी-फोर) घ्यायचं.

शाईचा_डाग | ७ जुलै, १६:४०

ओबीएसचा विषय निघालाच आहे तर देवनागरीचं आत्ताच सांगून ठेवते, कारण हे नेमकं पहिल्या दिवशी पडद्यावर कळतं.

लिनक्सवर ओबीएसमध्ये मजकूर टाकायला फ्रीटाइप २ नावाचा जो स्रोत येतो, त्याला अक्षरं जोडता येत नाहीत. तो एकेक चिन्ह टाइपलेल्या क्रमाने मांडत जातो. त्यामुळे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर येते. "किरण" लिहिलं की वेलांटी र च्या डोक्यावर जाऊन "करिण" वाचलं जातं. जोडाक्षरं फुटतात, "प्रश्न" मध्ये प आणि श दोघांचे पाय मोडून हलन्त लटकतो, रफार डोक्यावर चढतच नाही. फॉन्ट बदलून उपयोग नाही, दोष फॉन्टाचा नाहीच.

दोन उपाय. नावाच्या पट्ट्या इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून टाका. दहा भाषणांना दहा पट्ट्या, तासाभराचं काम. किंवा ओबीएसचा ब्राउझर स्रोत वापरा, त्यात साधं वेबपान उघडतं आणि ब्राउझरला देवनागरी नीट येते. वेबपानाची भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका. ज्या फॉन्टात सोय आहे त्यात मग ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

स्लाइड पीडीएफ करूनच मागवा, फॉन्ट आत बसवलेले. नाहीतर बोलणाऱ्याच्या मशीनवरचं सुंदर मराठी तुमच्या मशीनवर चौकोन-चौकोन. आणि कुणी जुन्या क्रुतीदेव फॉन्टमध्ये स्लाइड केल्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणायला सांगा.

नियमावली_नाना | ७ जुलै, १७:०२

पोस्टर करताना "स्रोत" लिहा, "स्त्रोत" नव्हे. स ला र जोडलेला आहे, मध्ये त नाही. शीर्षकात धागाकर्त्याने बरोबर लिहिलंय याबद्दल अभिनंदन.

तर्रीबाज | ७ जुलै, १७:०५

नाना आले, म्हणजे धागा चालणार.

मोकळा_ढाकळा | ७ जुलै, १७:३०

नानांनी तोंड उघडलंच आहे तर नावाचं बोलू. "मुक्त" म्हटलं की निम्म्या लोकांना "फुकट" ऐकू येतं. पहिल्या दिवशीच हे मिटवा: वापरायचं, अभ्यासून बदलायचं, वाटायचं, आणि बदललेलं वाटायचं असं चौपदरी स्वातंत्र्य. त्यांची मोजणी शून्यापासून तीनपर्यंत आहे, प्रोग्रॅमरांची खोड. पैसे घेऊन विकलं तरी ते मुक्तच राहतं.

इंदिरानगर_फेज_वन | ७ जुलै, १७:४४

मुक्त विद्यापीठाच्या गावात हे समजवावं लागतंय? तिथेही फी असतेच की.

तर्रीबाज | ७ जुलै, १७:४६

संपलं व्याख्यान. पहिल्या दिवसाचं सत्र रद्द करा.

सातपूरकर | ८ जुलै, ०८:१५

विषयांचं कुणीच बोलेना. "लिनक्सचा परिचय", "ओपन सोर्सचं महत्त्व" असली भाषणं घेऊ नका भो. ज्यांना पटलंय तेच येतात आणि माना डोलावतात. विषय असा हवा की बघणाऱ्याच्या हातात दुसऱ्या दिवशी काहीतरी असेल.

एक, फ्रीकॅड, सुट्या भागांचं ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर. अंबडच्या छोट्या शेडमध्ये अजून कुणाच्या तरी जुन्या परवान्यावर ड्रॉइंग निघतात. वीस मिनिटांत एक साधी एल ब्रॅकेट: स्केच, त्याला मापांची बंधनं, पॅड (जाडी देणं), दोन भोकांसाठी पॉकेट (खोदणं), शेवटी फिलेट (कडा गोल करणं), मग टेकड्रॉ या त्यातल्याच भागात ए-४ वर ड्रॉइंग आणि लेझर कटिंगवाल्यासाठी डीएक्सएफ फाइल. बास. सगळ्यांना १.० किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यायला सांगा. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आली, त्याआधीच्या आवृत्त्यांत आधीचं स्केच बदललं की पृष्ठभागांचे क्रमांक बदलायचे आणि पुढचं फिलेट भलत्याच कडेला जाऊन बसायचं. १.० मध्ये ते बरंच आवरलंय. कार्यशाळेला हाच विषय घ्या. डाउनलोड काही शे एमबीचं आहे, आदल्या दिवशी करून ठेवा असं तीनदा सांगा, तरी चौघे त्या वेळी सुरू करतील.

दोन, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, द्राक्षवाल्यांसाठी. प्लॉटची हद्द मोबाइलवर चालून घ्यायची, क्षेत्रफळ काढायचं, ओळींची लांबी काढायची म्हणजे ठिबकच्या नळीचा अंदाज येतो.

नकाशे_वाला | ८ जुलै, ०९:३०

@सातपूरकर, क्यूजीआयएसवाल्याला एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगायला लावा. मोबाइलवरून आलेली हद्द अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांत असते. त्यावर ५ मीटरचा बफर (हद्दीभोवतीचा पट्टा) म्हणून नुसता ५ टाकला की तो ५ अंशांचा बसतो आणि दिंडोरीची बाग गोव्यापर्यंत पसरते. आधी नकाशातला तो थर यूटीएम पट्टा ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत बदलून जतन करायचा, मग मापं मीटरमध्ये येतात. नुसतं खालच्या कोपऱ्यातलं प्रोजेक्शन बदलून भागत नाही, त्याने फक्त दिसणं बदलतं. थराची नवी फाइलच करावी लागते.

तर्रीबाज | ८ जुलै, ०९:३३

गोव्यापर्यंत द्राक्षबाग. पुढची प्रक्रिया तिथल्या तिथे.

दुरुस्ती_माई | ८ जुलै, ११:१०

निवडीबद्दल. अर्ज छोटा ठेवा: शीर्षक, भाषण ऐकून माणसाला काय करता येईल ते तीन ओळींत, सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऐकणाऱ्याला आधी काय येत असावं, रेकॉर्डिंग मुक्त परवान्यात द्यायला मान्यता. यातली दुसरी ओळच सगळं सांगते. "ओळख होईल", "जाणीव होईल" असं लिहिलं असेल तर भाषण अजून तयार नाही. "जुन्या वर्ड फाइलचं पत्रलेखन लिब्रेऑफिसच्या मेल मर्जमध्ये आणता येईल" असं असेल तर ते भाषण आहे.

एकाने अर्ज गोळा करायचे, नावं काढून क्रमांक घालायचे. तिघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, स्वतःचा अर्ज असेल तर तो सोडून. प्रीटॅल्क्स या भाषणांचे अर्ज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावं झाकून तपासायची सोय आहे, पण तीस-चाळीस अर्जांना साधी स्प्रेडशीट पुरते. नकार ठरल्या तारखेला कळवा आणि त्याच पत्रात शेवटच्या दिवशीची पाच मिनिटं देऊ करा. रुसवा निम्मा तिथेच उतरतो. दोन भाषणं राखीव रेकॉर्ड करून ठेवायची, कुणीतरी आयत्या वेळी गळतंच.

नोंदणीत नाव आणि ईमेलपलीकडे काही मागू नका. फोन, वय, कॉलेज कशाला? २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आहेच, आणि जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावी लागत नाही.

पंचवटी_एक्स्प्रेस | ८ जुलै, ११:४५

रेकॉर्डिंग करायला बोलणाऱ्यांकडे माइक कुठे असतात? लॅपटॉपच्या माइकवर पंखाच ऐकू येतो.

रूट_आजी | ८ जुलै, १२:३०

मोबाइलच्या हेडफोनचा तारेचा माइक चालतो, तो शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी लावायचा. तोंडासमोर धरला की प आणि फ चे फटके बसतात. पंखा बंद. खोली अशी निवडा जिथे गाद्या, कपडे, पडदे आहेत; रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि तो नंतर काढता येत नाही. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, ते पास झालं की मगच पूर्ण भाषण.

स्क्रीन ओबीएसने रेकॉर्ड करा. कुणी मोबाइलवर चेहरा वेगळा चित्रित केला तर त्याचा फ्रेमदर बदलता असतो, वीस मिनिटांत ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. अशी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर ३० फ्रेमवर काढून घ्यायची, मगच जोडायची. टर्मिनल दाखवणाऱ्याने अक्षर एवढं मोठं करावं की पडद्यावर वीसच ओळी मावतील, आणि पार्श्वभूमी पांढरी.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू देऊ नका, तो दाबून बारीक करतो आणि कोडची अक्षरं वितळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी येते. वीस मिनिटांची फाइल पावणेचारशे एमबीच्या आसपास असेल. नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवरची फाइल-साठवण) असेल तर फक्त टाकता येईल, बघता येणार नाही असा दुवा करून द्या. आल्यावर सगळ्यांचा आवाज एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनातल्या लाउडनॉर्मने एका पातळीला आणा, उणे १६ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं माप) ठेवा, म्हणजे एक भाषण कुजबुज आणि पुढचं किंचाळी असं होत नाही.

इंदिरानगर_फेज_वन | ८ जुलै, १२:४१

ऑगस्टमध्ये संध्याकाळी रेकॉर्डिंग ठेवलंत तर पार्श्वसंगीत ढोल-ताशाचं. पथकांचे सराव कधी सुरू होतात बघून घ्या.

रूट_आजी | ८ जुलै, १२:५०

बरोबर. सकाळी सात ते नऊ ठेवा. दूधवाला सोडला तर शांत असतं.

जोडणी | ८ जुलै, १९:२०

सत्राचं वेळापत्रक मिनिटांवर लिहून काढा आणि चौघांच्याही हातात द्या. साडेसातचं सत्र असेल तर पावणेसातला सगळे जित्सीत. सातला बोलणाऱ्याचा आवाज तपासायचा, त्याने कानात हेडफोन घातलाय आणि यूट्यूबचा टॅब बंद केलाय याची खात्री करायची. तो उघडा राहिला की अर्ध्या मिनिटामागचा स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येतो आणि माणूस भांबावतो. सात वीसला प्रतीक्षेचा पडदा. साडेसातला निवेदक, दोनच मिनिटं, बायोडेटा वाचायचा नाही. सात बत्तीसला फाइल. त्या क्षणी ओबीएसमध्ये जित्सीचा आवाज म्यूट करायचा, नाहीतर आत चाललेल्या गप्पा भाषणावर ऐकू येतात. हे विसरतंच, म्हणून पातळ पिवळ्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा. सात बावन्नला फाइल संपते, म्यूट काढायचा, प्रश्न सुरू.

बघणारे वीस-तीस सेकंद मागे असतात. "प्रश्न विचारा" म्हटल्यावर लगेच कुणी विचारत नाही ते त्यामुळे, लोक थंड आहेत म्हणून नाही. पहिले दोन प्रश्न निवेदकाने भाषण चालू असताना इथरपॅड या सामायिक वहीवर काढून ठेवलेले असावेत. सव्वाआठला आभार, पण प्रसारण लगेच तोडू नका. अर्धा मिनिट शेवटचा पडदा ठेवा, नाहीतर बघणाऱ्यांचं "धन्यवाद" अर्ध्यात कापलं जातं.

साडेसात ही वेळ बाहेरच्यांनाही बरी. तेव्हा जर्मनीत दुपारचे चार, न्यूयॉर्कला सकाळचे दहा.

शाईचा_डाग | ८ जुलै, २०:०५

उपशीर्षकं नंतर घाला पण घाला. व्हिस्पर हे बोलणं लिहून काढणारं सॉफ्टवेअर घरच्या मशीनवर चालतं, मराठीही ओळखतं, मात्र तांत्रिक शब्दांवर घसरतं. दुरुस्तीला एकाने वीस मिनिटांच्या भाषणामागे दीड-दोन तास धरून चालावं.

तर्रीबाज | ८ जुलै, २०:०८

"गिट पुश" चं "गीत पुष्प" होणार हे आधीच जाहीर करून टाका. कार्यक्रमाचं नाव म्हणूनही वाईट नाही.

दुरुस्ती_माई | ८ जुलै, २०:४०

परवान्याचं एक राहिलं. सीसी बाय-एसए ४.० (नाव द्या, बदललेलंही त्याच परवान्यात वाटा) ठरवत असाल तर यूट्यूबच्या यादीत तो नाही, तिथे मुक्त पर्याय एकच, साधा सीसी बाय (फक्त नाव द्या). म्हणून परवाना वर्णनात आणि व्हिडिओच्या शेवटच्या पडद्यावर लिहा. विकिमीडिया कॉमन्सवर चढवायचं असेल तर एमपी-फोर चालत नाही, वेबएम करावी लागते, आणि "व्यावसायिक वापर नको" अशी अट असलेलं काही ते घेत नाहीत. स्लाइडमध्ये सिनेमाचं चित्र, मीम टाकलं की तीच फाइल अडते. हे अर्जातच सांगा.

अर्धविराम | ८ जुलै, २१:३०

आता तारीख. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबर, शुक्रवार. रविवार २७ ला सुरू करा. २७ सप्टेंबर १९८३ लाच रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली होती, म्हणजे निमित्तही आयतं. शुक्रवारी २ ऑक्टोबरची सुट्टी, तिथे सकाळची कार्यशाळा. शनिवारी ३ ला समारोप.

नियमावली_नाना | ८ जुलै, २१:४१

तो पितृपक्ष आहे. शुभारंभ पितृपक्षात?

अर्धविराम | ८ जुलै, २१:४४

म्हणूनच. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. सगळे घरी.

तर्रीबाज | ८ जुलै, २१:४७

आणि सॉफ्टवेअरलाही पितर असतात, त्यांना लेगसी सिस्टिम म्हणतात. कावळा शिवेना तर एन्कोडर तपासा.

गोदाकाठचा_पेंग्विन | ९ जुलै, २२:१५

सगळ्यांचे आभार. अठ्ठावीसचा हट्ट सोडला. नवा आराखडा:

रविवार २७ सप्टेंबरला दोन भाषणं, सोमवार ते गुरुवार रोज एक, साडेसातला. शुक्रवारी २ तारखेला सकाळी दहा ते साडेअकरा फ्रीकॅडची थेट कार्यशाळा बिगब्लूबटनवर, पंचवीस जणांपुरती, कॅमेरे बंद. शनिवारी पाच पाच मिनिटांची सहा झटपट भाषणं. बाकीची खोली जित्सीची, पडदा पीअरट्यूब आणि यूट्यूब दोन्हीकडे. अर्ज २५ जुलैपर्यंत, उत्तरं १ ऑगस्टला, नमुन्याचं एक मिनिट ८ ऑगस्टपर्यंत. पूर्ण रेकॉर्डिंग गणपती बसण्याआधी, १२ सप्टेंबरला हातात. दोन राखीव धरून आठ फाइली. मधल्या दोन आठवड्यांत फक्त आवाजाची पातळी आणि नावाच्या पट्ट्या. रंगीत तालीम शनिवारी २६ ला, विसर्जनानंतर कोण जागं असेल ते बघून.

प्रसारणाला गंगापूर रोडचा माणूस मिळाला. नाशिकरोड किंवा देवळालीकडचा दुसरा हवाय. ओबीएस येत नसलं तरी चालेल, फायबर आणि यूपीएस असावा.

सातपूरकर | ९ जुलै, २२:२८

देवळाली कॅम्पला एक जण आहे, विचारतो. यूपीएस नाही त्याच्याकडे.

जोडणी | ९ जुलै, २२:३१

डब्यांवरचे अ‍ॅम्पिअर वाचून कळवायला सांगा त्याला. दोन्ही डब्यांचे.